गोठलेल्या सरोवरावर चार प्लग

पाठीवरच्या पेट्रोल पंपाचा प्लग काळा पडला म्हणून फवारणी अर्धवट टाकून तालुक्याला धावलेले शेतकरी मी नोकरीच्या तीस वर्षांत किती पाहिले याची मोजदाद नाही. त्यांना उभ्या उभ्या सल्लाही पुष्कळ दिला. पण तसाच काळा प्लग हातात धरून, उणे ३१ अंश थंडीत, पायाखाली अडीच-तीन फूट बर्फ आणि त्याखाली सरोवराचे पाणी, अशा जागी उभे राहण्याची पाळी माझ्यावरच येईल असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. तीच हकिगत आज सांगतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत रजा काढून मी कॅनडात गेलो. माझ्या बहिणीचा मुलगा मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरी एका कारखान्यात नोकरीला आहे. "मामा, यायचं तर थंडीतच या. उन्हाळा काय, तुमच्याकडेही असतो," असे तो फोनवर म्हणाला, आणि मी त्याचे ऐकले. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले तेव्हा नाकातले केस गोठून टोचू लागले. पहिले दोन दिवस मी खिडकीतूनच कॅनडा पाहिला.

विनिपेगच्या आसपासची जमीन म्हणजे तळहातासारखी सपाट. हजारो वर्षांपूर्वी तेथे अगासिझ नावाचे अफाट हिमयुगीन सरोवर होते, त्याच्या तळाचा गाळ म्हणजे आजची ही जमीन. काळी, भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पायाला चिकटणारी. आपल्या काळ्या रानाची चुलत बहीणच म्हणा ना! आपली काळी माती काळ्या दगडातून झाली, तिची सरोवराच्या गाळातून, एवढाच फरक. गहू, कॅनोला, सोयाबीन ही तिथली पिके. मी ती माती हातात घेऊन पाहणार होतो, पण ती बर्फाखाली होती. तेवढी एक इच्छा राहिली.

भाच्याच्या एका सहकाऱ्याचे आईवडील उत्तरेला, गिमली गावाच्या पुढे, विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठी राहतात. मांसासाठी गुरे पाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. एका शनिवारी आम्ही तिकडे निघालो. विनिपेगहून आठ नंबरच्या रस्त्याने गिमली ९० किलोमीटरच्या आसपास आहे. जसजसे वर जावे तसतशी जमीन दगडगोट्यांची होत जाते, पीकपाणी कमी होते आणि कुरणे, गवताच्या गोल गठड्या आणि गुरे दिसू लागतात. हलक्या रानात माणूस जनावरांकडे वळतो, हे तिथेही तसेच आहे.

या काठावर १८७५ साली आइसलँडमधून आलेली कुटुंबे उतरली. मायदेशी ज्वालामुखीच्या राखेने कुरणे झाकली होती, गुरांना चारा राहिला नव्हता. इथे आली ती ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. पुढच्याच हिवाळ्यात देवीची साथ आली. तरी त्यातली पुष्कळ टिकली. गोठलेल्या सरोवरात बर्फ फोडून जाळी लावायची आणि उन्हाळ्यात गुरांपुरते गवत करायचे, असा त्यांनी संसार मांडला. आमच्या यजमानांचे पणजोबा त्यांच्यातलेच. यजमानांचे वय ७४. आजही परवाना काढून ते हिवाळ्यात जाळी लावतात.

सरोवर केवढे, तर २४ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. तो १७ हजारांचा. सबंध जिल्हा पाण्यात बुडवला तरी हे सरोवर उरेल! हिवाळ्यात ते सगळे गोठते. काठावर उभे राहिले की पांढऱ्या माळरानावर उभे असल्यासारखे वाटते. पलीकडचा काठ दिसत नाही.

बर्फाखाली जाळे पसरायचे कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. एका भोकातून एक लांब फळी बर्फाखाली सोडतात. तिला एक लोखंडी दांडा असतो. दोरीला हिसका दिला की तो दांडा बर्फाच्या खालच्या अंगाला नख रोवतो आणि फळी पुढे सरकते. अशी ती मांजरीच्या पावलांनी शे-दीडशे हात जाते. बर्फावरून कान लावून तिची खटखट ऐकायची, ती पोहोचली तिथे दुसरे भोक पाडायचे आणि दोरीच्या मागोमाग जाळे ओढून घ्यायचे. खेडुताच्या डोक्यातून निघालेली युक्ती म्हणतात ती अशी.

या जाळ्यांपर्यंत जायला वाहन म्हणजे स्नोमोबाइल. तिला आपण बर्फगाडी म्हणू. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, बसायला मोटारसायकलसारखी सीट आणि हाताशी हँडल. हे वाहन ज्याने घडवले त्या ज्योसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांची कथा तिकडे सर्वांना ठाऊक आहे. क्वेबेक प्रांतातल्या वॅलकूर गावचा हा गॅरेजवाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आतड्याच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद, पोराला इस्पितळात नेता आले नाही. पुढे १९३७ साली त्याने बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीचे पेटंट मिळवले आणि १९५९ साली एक-दोघांनी बसायची हलकी बर्फगाडी बाजारात आणली. पावसाळ्यात ओढ्याला पूर आल्यावर बाळंतिणीला खाटेवर घालून नेणारी आपली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या बापाचे दुःख समजावून सांगायला नको.

यजमानांची गाडी १९८० च्या दशकातली. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, हवेने थंड होणारे, दोरी ओढून चालू करायचे. पेट्रोलातच ऑइल मिसळायचे. आपल्या लुना, राजदूत आणि फवारणी पंपांच्या गोत्यातले. शेजाऱ्यांकडे नव्या चार-स्ट्रोकच्या गाड्या आहेत, पण यजमान म्हणतात, "ही मला पान्याने उघडता येते." मला हा माणूस तेव्हाच आवडला.

गाडीला मात्र आठवडाभर एक रोग जडला होता. सरोवरावर जाताना सुरळीत जायची. जाळ्यांपाशी पोहोचले, एका भोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू फिरले, की परतताना फटफट करून एका सिलिंडरवर यायची आणि बंद पडायची. नवे प्लग घातले की चालू. दोन दिवसांनी पुन्हा तेच. जेवताना हे ऐकून माझ्यातला कृषी अधिकारी जागा झाला. मी लगेच निदान करून टाकले, "ऑइल जास्त पडत असेल." आपल्याकडे दहातल्या सात पंपांचा रोग तोच असतो. बाटलीच्या बुचाने अंदाजे ऑइल ओतायचे, आणि वर 'इंजिनाला बरं असतं' म्हणून आणखी एक बूच! यजमानांनी उठून फळीवरची खुणा केलेली मापाची बाटली माझ्यापुढे ठेवली. वीस लिटरला ४०० मिलिलिटर, पन्नासास एक. चाळीस वर्षांत एकदाही अंदाजाने ओतले नाही, असे ते शांतपणे म्हणाले. मी पुढे काही बोललो नाही. यजमानीणबाईंनी विषय बदलून आलुबुखाराचा थर दिलेला केक पुढे केला. विनारतेर्ता त्याचे नाव. आइसलँडहून आलेल्या घरांत तो अजून होतो.

दुपारी दोघे जाळी पाहायला निघालो. भाचा गुरांना चारा टाकायला मागे थांबला. काठापासून सहा किलोमीटर आत गेलो, मासे काढले, हळूहळू भोकांमधून फिरलो, आणि सूर्य कलला तशी परत फिरलो. अर्धा किलोमीटरही गेलो नसू, गाडी फटफटली आणि बंद.

यजमानांनी आतल्या खिशातून दोन नवे प्लग काढले, जुने काढून खिशात टाकले, नवे बसवले. चालू. दीड किलोमीटर गेलो आणि पुन्हा फटफट, पुन्हा शांतता. आता काठ चार किलोमीटर. वारा सुटलेला. माझा मोबाइल थंडीने केव्हाच मेला होता. त्यांच्या मोबाइलला रेंज येत होती आणि जात होती, फोन लागत नव्हता. यजमानांचा एक गुडघा अधू. सपाट बर्फावर चार किलोमीटर चालणे म्हणजे आपल्याकडे काही नव्हे, पण त्या वाऱ्यात अर्ध्या तासात बोटे जातात. "प्लग संपले," ते म्हणाले. एवढा वेळ त्यांनी घड्याळाकडे पाहिले नव्हते, आता पाहिले.

मी इंजिनातले दोन्ही प्लग काढायला सांगितले आणि खिशातलेही दोन मागितले. ते चारही सीटवर ओळीने मांडले. मग एक गोष्ट दिसली, जी आठवडाभर कोणी पाहिली नव्हती. चारांतले दोन काळेकुट्ट आणि ओले होते, पेट्रोलचा वास मारत होते. उरलेले दोन कोरडे! त्यातला जुना तर भाजलेल्या भाकरीच्या पाठीसारखा छान तपकिरी होता. टू-स्ट्रोकच्या प्लगला याहून चांगला रंग नाही. आत्ताच काढलेल्या जोडीतला ओला होता तो दोरीच्या बाजूच्या सिलिंडरचा. पट्ट्याच्या बाजूचा चांगला.

म्हणजे यजमान दर वेळी एक बिघडलेला आणि एक धडधाकट असे दोन्ही प्लग एकदम बदलत होते. दोन्ही एकदम बदलायची सवय आपल्यालाही असते. त्यामुळे बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे कळतच नाही. माझे जेवतानाचे निदानही तिथेच खोटे ठरले. पेट्रोल एकाच टाकीतले, त्यात ऑइल जास्त असते तर दोन्ही प्लग चिकट झाले असते. एकच ओला होतो याचा अर्थ दोष त्याच बाजूचा. या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर आहेत, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र.

पण ते पुढचे. आधी घर गाठायचे होते, आणि प्लग संपलेले नव्हते. खिशातला तपकिरी प्लग होताच. गाडीचे बटण बंद केले, म्हणजे ठिणगी पडणार नाही. प्लग काढलेल्या अवस्थेतच सात-आठ वेळा दोरी ओढली. दोरीच्या बाजूने पेट्रोलचा फवारा बाहेर आला. ही पायरी कोणी करत नाही. आत डबके साचलेले असताना नवा प्लग घातला तर तोही दोन मिनिटांत ओला होतो. बटण मात्र बंदच हवे. त्या फवाऱ्यावर ठिणगी पडली तर भडका उडेल. मग भोके थोडा वेळ उघडी ठेवली, कोरडे प्लग बसवले, चोक पूर्ण बंद आहे हे पाहिले. तिसऱ्या ओढीला इंजिन बोलले. यजमानांनी मध्ये कुठेही न रेंगाळता एका वेगाने गाडी काठाला आणली.

एक सांगायचे राहिले. प्लग फिरवताना मी हातमोजा काढला होता आणि बोटांवर पेट्रोल सांडले. उणे तीस अंशांवर पेट्रोल गोठत नाही, पण तितकेच थंड असते, आणि उडून जाताना आणखी थंड करते. दोन बोटांची टोके पांढरी पडली. आठवडाभर त्यांना मुंग्या येत होत्या.

दारात यजमानीणबाई अंगावर कोट चढवून, फोन हातात धरून उभ्या होत्या. शेजाऱ्याला बोलावणे गेलेच होते. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. केतली चुलीवर ठेवली. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेला माणूस वेळेवर परतला नाही की आपल्याकडे घरात जी शांतता असते, ती मी तिथे पाहिली.

रात्री शेडमध्ये दिवा लावून कार्ब्युरेटर पाहिले. थंडीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. थंड हवा दाट असते, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलाला हवा जास्त मिळते आणि मिश्रण पातळ होते. म्हणजे अशा थंडीत प्लग पांढरट व्हायला हवा. तो उलट काळा होतो आहे, तर पेट्रोल कुठून तरी चोरवाटेने जास्त जाते आहे, हे नक्की. या कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे एक छोटा दट्ट्या असतो. तार ओढली की तो उचलला जातो आणि जादा पेट्रोलाची वाट उघडते. तार सोडली की तो खाली बसून वाट बंद करतो. तार पूर्ण सोडल्यावर तिला एक-दोन मिलिमीटर ढील हवी. पट्ट्याच्या बाजूच्या तारेला ती होती. दोरीच्या बाजूची तार मात्र तंबोऱ्यासारखी ताणलेली! थंडी सुरू होताना यजमानांनी ती नवी घातली होती आणि नट दोन आटे जास्त कसला होता. दट्ट्या कायम केसभर उचललेला. बाहेर काढून पाहिला तर त्याच्या बुडाचे रबरही कडक होऊन चिरलेले.

आता त्या रोगाची सगळी लक्षणे जुळली. वेगात असताना इंजिन एवढी हवा ओढते की ही जरासी गळती त्यात मिसळून जाते. हळू चालवली की ती भारी पडते, प्लग ओला होतो आणि ठिणगी पडेनाशी होते. म्हणून जाताना ठीक, भोकांमधून फिरल्यावर बंद.

यजमान खूप वेळ तारेकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातला एक कॉफीचा डबा आणून पालथा केला. हिवाळाभर काढून टाकलेले चौदा प्लग. आम्ही निवडले. सात काळे, सात तपकिरी. ते एवढ्या मोठ्याने हसले की घरातून बाई पाहायला आल्या.

तुमच्याकडे बर्फगाडी नाही, पण टू-स्ट्रोकचा फवारणी पंप किंवा गवत कापायचे यंत्र असेल. म्हणून थोडे सांगतो. प्लग बंद पडला की लगेच फेकू नका, तो उजेडात धरून पाहा. ओला काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त जाते आहे, नाहीतर ठिणगीच पडत नाही. यांपैकी कोणते, हे प्लग टोपीत लावून त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवून दोरी ओढली की कळते, मात्र सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्या आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर टोपी आणि वायर पाहा. कोरडी मऊ काजळी दिसली तर आधी हवेची जाळी धुवा. फवारणीच्या हंगामात ती धुळीने अशी भरते की पंपाचा श्वासच कोंडतो. चोक उघडाच ठेवून पंप खांद्यावर घेणारेही पुष्कळ आहेत.

पांढरा, भाजल्यासारखा प्लग दिसला तर मात्र हयगय नको. काळ्या प्लगने इंजिन बंद पडते, पांढऱ्याने पिस्टनला भोक पडते. आणि इथे एक गंमत ध्यानात घ्या. ऑइल वाढवले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होते, म्हणजे पेट्रोलाच्या दृष्टीने मिश्रण पातळच होते. 'इंजिनाला बरं' म्हणून ओतलेले जादा बूच एकीकडे प्लग चिकट करते आणि दुसरीकडे इंजिन तापवते.

काही मिस्त्री सारखा काळा पडणारा प्लग काढून 'गरम' जातीचा देतात. तो स्वतःवरची काजळी जाळतो हे खरे, पण मूळ गळती तशीच राहते आणि भर उन्हात पूर्ण वेगावर तोच प्लग इंजिनाला महाग पडतो. शिवाय आकड्यांचाही घोळ आहे. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा तसा प्लग थंड. चॅम्पियनचे नेमके उलटे. इंजिनाच्या पुस्तकात असेल तोच नंबर घ्यावा.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी जुन्या सुट्या भागांतून दट्ट्याचे एक बरे रबर शोधून बसवले, तारेला ढील दिली आणि खडूने दोन्ही कार्ब्युरेटरवर खुणा केल्या. चांगले सात प्लग तारेच्या घासणीने साफ करून वेगळ्या डब्यात ठेवले. जाळी बघायची होतीच. मी कोट चढवू लागलो तशी भाच्याने माझ्या पांढऱ्या बोटांकडे पाहिले आणि किल्ली उचलली.

"मामा, आज तुम्ही मावशींबरोबर कॉफी प्या. मी जातो."

दोन तासांनी ते परत आले तेव्हा मी खिडकीतच होतो. गाडी दोन्ही सिलिंडरवर बोलत होती. काठावर येण्याआधीच आवाजावरून कळले.